टर्कीच्या शिकारीसाठी काडतूस कसं निवडावं: नियमपुस्तिकेपासून कागदावरच्या छिद्रांपर्यंत

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, हंटर एज्युकेशनचा कोर्स केलेल्या आणि वसंतातल्या टर्की हंगामाची तयारी करणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे इथलं सगळं फक्त अमेरिकेपुरतं समजावं.

चूक बहुतेक वेळा क्रमात होते. आधी दुकानात जाऊन सर्वांत मोठं, सर्वांत जोरदार वाटणारं खोकं उचललं जातं. मग ते बंदुकीत बसतं का हे पाहिलं जातं. राज्याचा नियम हंगामाच्या आदल्या रात्री वाचला जातो, आणि ते काडतूस आपल्या नळीतून छरे कुठे टाकतं हे पक्ष्यावर चाप ओढल्यावर पहिल्यांदा कळतं. तोवर उशीर झालेला असतो. पिसं उडतात, टर्की जखमी होऊन झाडीत शिरते, सापडत नाही आणि तिकडेच कुठेतरी मरते. हे टाळणं शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे आणि ते घरी, दुकानात आणि रेंजवर पार पाडावं लागतं.

## आधी हे पक्कं करा: नेम डोक्यावर आणि मानेवर

टर्कीच्या अंगावर नेम धरत नाहीत. पिसांचा जाड थर, छातीचे भरदार स्नायू आणि पंखांची मजबूत हाडं यांत छरे अडकतात. पक्षी पडत नाही, पळतो किंवा उडतो. छरे कवटीत किंवा मानेच्या मणक्यांत गेले तरच तो जागच्या जागी पडतो.

यावरून काडतुसाकडून आपल्याला काय हवं ते ठरतं. लक्ष्य अरुंद आहे, म्हणून छरे दाट हवेत. हाड फोडायचं आहे, म्हणून प्रत्येक छऱ्यात दम हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. छरा मोठा घेतला की संख्या कमी होते, लहान घेतला की दम कमी होतो. पुढचे सगळे टप्पे या ओढाताणीतून मार्ग काढण्यासाठी आहेत.

## टप्पा १: कायदा आणि नियमपुस्तिका

यात तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली तुमच्या व्हिसाची. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स जवळ असणं हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे लायसन्स हातात येण्याआधी काडतुसाचं एक खोकं घरात आणून ठेवणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. तुमची केस थोडीही गुंतागुंतीची असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मित्राला चाललं म्हणून आपल्याला चालेल, असं या बाबतीत धरून चालता येत नाही.

दुसरी राज्याची. अलास्का सोडून बाकी ४९ राज्यांत रानटी टर्की आहे आणि प्रत्येक राज्याची नियमपुस्तिका वेगळी आहे. छरा किती नंबरपर्यंत मोठा चालतो, किती लहान चालतो, कुठलं गेज (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) चालतं, बारीक नळीचं .४१० चालतं की नाही, हे सगळं तिच्यात असतं. बकशॉट (हरणासाठीचे जाड छरे) आणि स्लग (एकच मोठी गोळी) बहुतेक राज्यांत टर्कीसाठी बेकायदा आहेत. नियम बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचीच पुस्तिका उघडा.

तिसरी शिशाची. बदकांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर शिशाचे छरे बंद आहेत. टर्कीसाठी देशभर तसा नियम नाही, म्हणून लोक निश्चिंत राहतात. पण कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाचा दारूगोळा चालत नाही, टर्कीसुद्धा त्यात आली. बे एरियातल्या किंवा लॉस एंजेलिसच्या वाचकांनी शिशाच्या खोक्याकडे पाहूही नये. इतर राज्यांतही काही सरकारी जमिनींवर बिनविषारी छऱ्यांची सक्ती असते. राज्याचा नियम आणि त्या विशिष्ट जमिनीचा नियम, दोन्ही वाचावे लागतात.

तपासा: एका कागदावर लिहून काढा: राज्य, जमीन, चालणारं गेज, छऱ्याची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान मर्यादा, शिसं चालतं की नाही. हा कागद खिशात नसेल तर दुकानात जाऊ नका.

## टप्पा २: नळीवर काय कोरलंय ते वाचा

बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, मग नळीच्या बाजूला पाहा. तिथे गेज आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीची, लांबी कोरलेली असते. आपल्याकडे ज्याला बारा बोअर म्हणतात तीच इथली १२ गेज. चेंबर २¾, ३ किंवा ३½ इंचाचं असतं.

नियम सोपा आहे. लहान काडतूस लांब चेंबरमध्ये चालतं, लांब काडतूस लहान चेंबरमध्ये कधीही नाही. फसवणूक अशी होते की ३ इंची काडतूस २¾ इंचाच्या चेंबरमध्ये बऱ्याचदा आत जातं, कारण काडतुसाची लांबी उघडलेल्या तोंडासकट मोजतात आणि बार होण्याआधी ते तोंड दुमडलेलं असतं. बार झाला की तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. त्यामुळे काडतूस आत बसलं ही कसलीच खात्री नव्हे. नळीवर कोरलेलं वाचा.

सावधान: २० गेजचं काडतूस १२ गेजच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. बंदूक रिकामी वाटते, माणूस वरून १२ गेजचं काडतूस भरतो आणि नळी फुटते. २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. घरात दोन्ही गेजच्या बंदुका असतील तर काडतुसं, पिशव्या आणि जॅकेटसुद्धा वेगळी ठेवा.

आजोबांच्या काळातली, पक्क्या चोकची (नळीचं टोक कायमचं आवळलेली) जुनी बंदूक कुणी दिली असेल तर तिच्यात स्टील किंवा टंगस्टनचे छरे वापरू नका. ते कडक असतात आणि जुन्या नळीचं नुकसान करतात. अशी बंदूक आधी गनस्मिथला दाखवा.

## टप्पा ३: धातू निवडा

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

छऱ्याचा दम मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: तो किती घन आहे आणि किती जाड आहे. घनता घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये अशी: स्टील सुमारे ७.८, बिस्मथ ९.६, काडतुसातलं शिसं ११ च्या आसपास, टंगस्टनची काही मिश्रणं १२ च्या आसपास आणि टंगस्टन सुपर शॉट, म्हणजे टीएसएस, सुमारे १८.

आता नंबर. छऱ्याचा नंबर जितका मोठा, छरा तितका लहान. १७ मधून नंबर वजा करा, आलेला आकडा म्हणजे छऱ्याची जाडी इंचाच्या शंभराव्या भागांत. ५ नंबर म्हणजे ०.१२ इंच, ९ नंबर म्हणजे ०.०८ इंच.

घनतेला जाडीने गुणलं की वेग सारखा धरून छरा किती आत घुसेल याचा ढोबळ अंदाज येतो. शिशाचा ५ नंबर: साधारण १.३३. शिशाचा ४ नंबर: १.४४. टीएसएसचा ९ नंबर: पुन्हा १.४४. म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा टीएसएसचा छरा शिशाच्या ४ नंबरच्या बरोबरीने घुसतो. आणि तो लहान असल्यामुळे एका औंसात सुमारे ३६० मावतात. शिशाचे ४ नंबरचे छरे औंसाला साधारण १३५ च भरतात. टीएसएस इतकं महाग असूनही लोक ते का घेतात, ते या हिशेबातून कळतं.

याच हिशेबाने स्टीलचा ४ नंबर १.०१ च्या आसपास येतो, शिशाच्या साडेसात नंबरच्याही किंचित खाली. म्हणून बदकांची उरलेली स्टीलची काडतुसं टर्कीवर खपवणं ही मोठी चूक आहे. स्टीलच वापरायचं असेल तर नियमात बसणारा मोठा छरा घ्या आणि पक्षी अगदी जवळ येऊ द्या. बिस्मथचा ४ नंबर १.२५, म्हणजे शिशाच्या ६ नंबरच्या जवळपास. बिस्मथ मऊ असल्याने जुन्या नळीलाही चालतं, पण ठिसूळ असतं.

माझं मत सरळ सांगतो. १२ गेज असेल आणि राज्यात शिसं चालत असेल, तर पहिल्या हंगामासाठी शिशाचं चांगलं टर्की काडतूस पुरेसं आहे. २० गेज किंवा .४१० असेल तर टीएसएस घ्या, तिथे त्याचे पैसे वसूल होतात. .४१० च्या ३ इंची काडतुसात १३/१६ औंस टीएसएसचे ९ नंबरचे छरे येतात, म्हणजे जवळजवळ २९० छरे. १२ गेजच्या १¾ औंस शिशाच्या ५ नंबर काडतुसातही जवळपास तितकेच असतात. हलकी बंदूक हवी असलेल्यांना, लहान चणीच्या माणसांना आणि घरातल्या किशोरवयीन मुलामुलींना याचा खरा फायदा होतो. जिथे शिसं बंद आहे तिथे परवडत असेल तर टीएसएस, नाहीतर बिस्मथ घेऊन अंतर कमी ठेवायचं.

## टप्पा ४: छऱ्याचा नंबर

शिशात पर्याय तीन: ४, ५ आणि ६ नंबर. औंसाला अंदाजे १३५, १७० आणि २२५ छरे. १¾ औंसाच्या काडतुसात हेच २३५, ३०० आणि ३९५ च्या घरात जातात.

४ नंबर दूरवर दम टिकवतो, पण संख्या कमी असल्याने मध्ये मोकळ्या जागा राहतात. ६ नंबर दाट पसरतो, पण अंतर वाढलं की लवकर ढेपाळतो. आधी ५ नंबर वापरून पाहा आणि तुमची नळी तो नीट फेकत नसेल तरच इकडे-तिकडे जा. दाट झाडीत, जिथे पक्षी २५ यार्डांपलीकडे दिसतच नाही, तिथे ६ नंबर उत्तम.

टीएसएसमध्ये ७, ८, ९ आणि काही ठिकाणी १० नंबरही मिळतो. ९ पासून सुरुवात करा. पण टप्पा १ चा कागद पुन्हा पाहा: काही राज्यांच्या लहानात लहान छऱ्याच्या मर्यादेत ९ नंबर बसतो की नाही हे तपासावं लागतं.

सावधान: एकाच खोक्यात दोन-तीन नंबरांचे छरे मिसळलेली काडतुसंही मिळतात. ती वाईट नसतात, पण नियम पाहताना त्यातला प्रत्येक नंबर मर्यादेत बसला पाहिजे.

## टप्पा ५: लांबी, वजन, वेग आणि धक्का

३½ इंची काडतूस म्हणजे जास्त छरे, हे खरं. पण दोन औंसांच्या अशा काडतुसाचा धक्का हलक्या बंदुकीतून जबरदस्त बसतो. दोन-तीन बार झाले की खांदा आपसूक आवळला जातो, चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि नेम हलतो. मग जास्तीचे छरे कुठे गेले तर पक्ष्याच्या शेजारच्या झाडात. १२ गेजमध्ये ३ इंची, १¾ औंसाच्या आसपासचं काडतूस बहुतेकांना पुरतं. ३½ इंची चेंबर आहे म्हणून ३½ इंचीच काडतूस घालायला हवं असं नाही.

खोक्यावर ठळक अक्षरांत वेग छापलेला असतो. टर्कीच्या काडतुसांत तो साधारण सेकंदाला ११०० ते १३०० फूट असतो. खोक्यावरच्या दोन आकड्यांत पन्नास-शंभराचा फरक असेल तर त्यावरून निवड करू नका. छरे दाट पडतात की नाही, हे त्याहून कितीतरी महत्त्वाचं आहे.

## टप्पा ६: चोक

नळीच्या टोकाला बसणारा चोक छऱ्यांचा पसारा आवळतो. बंदुकीसोबत येणारा फुल चोक अनेकदा पुरतो. त्याहून आवळ असा खास टर्की चोक वेगळा मिळतो. १२ गेजमध्ये त्याचा आतला व्यास ०.६६० इंचाच्या आसपास असतो, तर साध्या नळीचा ०.७२९ इंच.

जास्त आवळ म्हणजे जास्त दाट, हा समज पुरता खरा नाही. एका मर्यादेपलीकडे आवळलं की छरे एकमेकांवर आदळून वेडेवाकडे जातात आणि मधोमध भगदाड पडतं. शिवाय काही काडतुसांत छरे धरून ठेवणारी प्लास्टिकची वाटी, म्हणजे वॅड, नळीबाहेरही काही अंतर छऱ्यांसोबत जाते. फेडरल कंपनीचं फ्लाइटकंट्रोल वॅड याच कल्पनेवर चालतं. अशा काडतुसाला फार आवळ चोक लागतोच असं नाही, कधी कधी थोडा सैल चोकच बरा पडतो. विंचेस्टर कंपनीच्या लाँग बिअर्ड काडतुसात छऱ्यांभोवती राळेसारखं द्रव्य गोठवून त्यांना चेपण्यापासून वाचवलेलं असतं. त्याची वागणूक आणखी वेगळी. कुठलं तुमच्या नळीला मानवेल हे खोकं वाचून कळत नाही.

सावधान: स्टील आणि टंगस्टनसाठी चोकवर चालेल असं लिहिलेलं असलं पाहिजे. शिशासाठीच्या अति आवळ चोकमधून स्टील सोडलं तर चोक आणि नळी दोन्ही जातात.

तपासा: बंदूक रिकामी करून चोक हाताने घट्ट बसवला आहे का? काही बारांनंतर तो सैल होतो. प्रत्येक चार-पाच बारांनी बंदूक रिकामी करून पुन्हा पाहा.

## टप्पा ७: थोडंच विकत घ्या

एकाच प्रकारची मोठी खरेदी करू नका. दोन किंवा तीन प्रकार निवडा आणि प्रत्येकाचं एकेक खोकं घ्या. शिशाच्या खोक्यात बऱ्याचदा १० काडतुसं येतात, टीएसएसच्या खोक्यात साधारण ५, आणि त्यातलं एकेक दहा डॉलरच्या आसपास किंवा वर जातं. म्हणून टीएसएस घेणारे लोक एकच बार कागदावर मारून समाधान मानतात. एका बारावरून काहीही सिद्ध होत नाही. टप्पा ८ मध्ये निदान पाच कागदावर जातील, म्हणजे टीएसएसचं रानासाठी दुसरं खोकं लागेल, असा हिशेब सुरुवातीलाच धरून पैसे काढा.

सोबत साध्या टार्गेट काडतुसांचं एक स्वस्त खोकं घ्या. नेम जुळवण्याचं काम त्याच्यावर होतं आणि महाग काडतुसं वाचतात.

## टप्पा ८: कागदावर पाहा

या लेखातलं एकच काम तुम्ही नीट करणार असाल तर ते हे करा.

आधी रेंजला फोन करून विचारा की शॉटगनने कागदावर बार मारायची परवानगी आहे का. काही रेंजवर त्यासाठी वेगळी जागा असते, काहींवर मनाई. मागे मातीचा बांध हवाच. हंगामाच्या आधीच्या आठवड्यांत, हंगामासारखीच हवा असताना जा. थंड हवा जास्त घन असते आणि तिच्यात छऱ्यांची वागणूक उन्हाळ्यासारखी राहत नाही.

सोबत न्यायचं: डोळ्यांचा आणि कानांचा बचाव, बाजूला किमान तीन फूट असे मोठे कागद, टर्कीच्या डोक्याची चित्रं, मार्कर, टेप, १० इंच व्यासाचा पुठ्ठ्याचा गोल, अंतर मोजायचा रेंजफाइंडर आणि बंदूक टेकवायला वाळूच्या पिशव्या.

१. बंदूक रिकामी असताना नळीतून आरपार पाहा. आत काही अडकलेलं नाही ना?

२. साधं टार्गेट काडतूस घालून २५ यार्डांवरून, टेकू घेऊन, कागदाच्या मधल्या ठिपक्यावर बार मारा. छऱ्यांचा मध्य ठिपक्यावर पडतो का? वर जात असेल तर बहुधा तुम्ही गाल दस्त्यावरून उचलताय. टर्कीवर बार चुकण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे, कारण पक्षी पडताना पाहायची घाई होते. गाल दाबून पुन्हा मारा. तरीही मध्य सरकत असेल तर साइट (नेम धरायची खूण) किंवा रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) लावून तो जुळवा.

३. आता टर्कीचं काडतूस. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, रेंजफाइंडरने मोजून. पावलांनी मोजू नका. नवा कागद, एक बार. तो कागद काढा, त्यावर अंतर, चोक आणि काडतुसाचं नाव लिहा. असे तीन कागद, प्रत्येकावर एकच बार.

४. प्रत्येक कागदावर दोन गोल काढायचे, आणि इथेच बहुतेक जण गोंधळतात. पहिला गोल जिथे छरे सर्वांत दाट आहेत तिथे. काडतूस आणि चोक यांची जोडी कशी आहे ते तो सांगतो. दुसरा गोल ज्या ठिपक्यावर नेम धरला होता त्याभोवती. तुमचा नेम आणि बंदुकीची साइट कशी आहे ते तो सांगतो. पहिला गोल भरलेला आणि दुसरा विरळ असेल तर काडतूस बदलू नका, साइट जुळवा. दोन्ही विरळ असतील तर मात्र काडतूस किंवा चोक बदलायला हवा. हा फरक न केल्यामुळे लोक चांगली काडतुसं टाकून देतात.

५. गोलाचे चार भाग करून छिद्रं मोजा, मोजलेल्यावर मार्करने खूण करा. जुना, सर्वमान्य निकष असा: ४० यार्डांवर १० इंचाच्या गोलात १०० छरे. टीएसएसचे लहान छरे शंभराच्या बरेच वर जायला हवेत, तिथे १०० वर खूश होऊ नका.

६. संख्येवर थांबू नका, छिद्रांची मांडणी पाहा. १२० छिद्रं असूनही मधे तळहाताएवढी रिकामी जागा असेल तर टर्कीची मान नेमकी तिथे येऊ शकते. टर्कीच्या डोक्याचं चित्र कागदावर ठेवून पाहा: कवटीत आणि मणक्यांत किती छिद्रं पडली?

७. आता जमिनीवर, झाडाला पाठ टेकून बसल्यासारखे बसा, बंदूक गुडघ्यावर टेकवा आणि त्याच काडतुसाने २० आणि १० यार्डांवर एकेक बार मारा. १० यार्डांवर सगळे छरे मुठीएवढ्या जागेत जातात. म्हणजे जवळचा बार सोपा नसतो. डोकं जरा हललं की पूर्ण हुकतो. हे एकदा कागदावर पाहिलं की घाई आपोआप कमी होते.

दमल्यावर किंवा खांदा दुखायला लागल्यावर थांबा. दुखऱ्या खांद्याने मारलेला कागद फेकून द्यावा लागतो.

तपासा: चोक बदलला, छऱ्याचा नंबर बदलला किंवा दुसऱ्या कंपनीचं काडतूस घेतलं, तर आधीचे कागद रद्द. तीच कंपनी आणि तोच चोक ठेवून नुसता ५ चा ६ केला तरी पसारा बदलू शकतो.

## टप्पा ९: तुमचं अंतर ठरवा

तीन कागदांतला सर्वांत वाईट कागद धरा. उत्तम कागद मनात ठेवून रानात गेलात तर फसाल. ४० यार्डांवर तीनपैकी एकही कागद नापास झाला तर ३५ वर या आणि तीन कागद पुन्हा मारा. तिथे तिन्ही पास झाले तर ३५ हीच तुमची मर्यादा.

टीएसएसचे कागद ५० किंवा ५५ यार्डांवरही पास होतात. तरीही ४० पलीकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. कागद जागचा हलत नाही. रानात वाटेत बारीक फांद्या असतात, मोकळ्या शेतात अंतर नेहमी कमी वाटतं, आणि छरे तिथवर पोहोचेपर्यंत पक्षी डोकं फिरवतो. टीएसएसची जास्तीची ताकद ४० च्या आतला बार पक्का करण्यासाठी वापरा. शिकारीतली सगळी कला पक्ष्याला हाक घालून जवळ आणण्यात आहे. ते काम काडतुसाकडून करून घेऊ नये.

नर टर्की पिसारा फुलवून डौलात फिरत असताना मान आत खेचलेली असते. तेव्हा थांबा, एक छोटी हाक द्या. तो मान उंच करेल, तेव्हा मानेच्या मध्यावर नेम.

## टप्पा १०: रानात आणि नंतर

खिशात एकाच प्रकारची काडतुसं, तीही मोजकी. बसल्या जागेवरून चारी बाजूंच्या एकेका झाडाचं अंतर आधीच मोजून ठेवा आणि मर्यादेच्या आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं ते लक्षात ठेवा. नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ गेला असेल तर बार करू नका. बंदूक रिकामी करा आणि नळी साफ करा. कुंपण ओलांडतानाही बंदूक रिकामी. अंगावर लाल, पांढरा, निळा किंवा काळा कपडा नको, हातरुमालसुद्धा नको. नर टर्कीच्या डोक्याचे आणि अंगाचे तेच रंग असतात आणि झाडीत दुसरा शिकारी असू शकतो.

पक्षी साफ करताना मान आणि तिच्या बुडाजवळचं मांस हाताने चाचपून पाहा. शिशाचा छरा सापडला तर आजूबाजूचं मांसही काढून टाका, मुलांच्या ताटात तर मुळीच जाऊ देऊ नका. टंगस्टन आणि स्टीलचे छरे इतके कडक असतात की चावला तर दात तुटतो. रानटी टर्कीच्या तंगड्या चिवट असतात. त्या रश्श्यासाठी मंद आचेवर शिजवणार असाल तर आधी हाडाभोवतालचं मांस बोटांनी नीट तपासा.

उरलेली काडतुसं मूळ खोक्यातच, कोरड्या आणि थंड जागी, बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात ठेवा. खोक्यावर मार्करने बंदूक, चोक आणि ठरलेलं अंतर लिहा. पुढच्या वर्षी त्याच नावाचं नवं खोकं घेतलंत तरी एक कागद मारून खात्री करून घ्या.

सावधान: शिकारीला नेलेली पाठपिशवी किंवा जॅकेट भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सुट्टी पोलीस ठाण्याच्या चकरांत जाते. वापरून झालेलं रिकामं टरफलही नको. शिकारीचं सामान वेगळं, प्रवासाचं वेगळं, आणि बॅग भरण्याआधी प्रत्येक कप्पा उलटा करून झटका.